सोमाजी मिस्त्री आणि लाल गाडीचा रोग

सोमाजी मिस्त्रीचा कुणावर म्हणून भरोसा नव्हता. पेट्रोल पंपवाल्यावर नव्हता, स्पेअरपार्टच्या दुकानदारावर नव्हता, नव्या पार्टच्या डब्यावरच्या सीलवरही नव्हता. डॉक्टरनं गोळी दिली तर पाकिटावरची तारीख चष्मा लावून दोनदा वाचायचा. शेजारच्या पंक्चरवाल्या गुलाबनं चहा पाजला तर पहिला घोट घ्यायच्या आधी विचारायचा, "आज काऊन बा? काय काम काढलं?" गुलाब कपाळावर हात मारून घ्यायचा. बत्तीस वर्षं शेजारी दुकान, आणि बत्तीस वर्षं हा माणूस त्याच्या चहात काम शोधतोय!

पण हा संशय उगाच आलेला नव्हता, तो धंद्यानं शिकवला होता. चामोर्शीहून मार्कंड्याकडे निघालं की डाव्या हाताला चिंचेखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज लागतं. तिथे आलेला प्रत्येक गाडीवाला पहिलं वाक्य एकच बोलतो, "मिस्त्री, मी काही नाई केलं, आपोआपच बिघडली." सोमाजी मान हलवायचा आणि बॉनेट उघडायचा. आत कुणी डिझेलच्या गाडीत पेट्रोल ओतलेलं, कुणी रेडिएटरमध्ये नाल्याचं गढूळ पाणी भरलेलं, कुणी साळ्याचं ऐकून फ्यूजशिवाय मोठा भोंगा बसवलेला. मेल्यांनो, आणि वर काही नाही केलं म्हणता! "जो म्हणते काही नाई केलं, त्यानंच केलं असते," हे तो आपल्या लेकीला, नंदिनीला, ती पाना धरायला शिकली तेव्हापासून सांगत आला होता.

नंदिनी त्याची एकुलती एक. आता सव्वीस वर्षांची. गडचिरोलीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झाली, वर्गात एकटी मुलगी. मग चंद्रपूरला गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढली आणि मागच्या दिवाळीला एक स्कॅनर मशीन घेऊन घरी आली. म्हणाली, "बाबा, आता आपलंच गॅरेज पाहावं म्हणते." सोमाजीला इतका आनंद झाला की त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. तोंडानं मात्र तो "बरं" एवढंच म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून काय करावं या माणसानं? तिनं कसलेला प्रत्येक नट, ती पाठमोरी झाली की, पुन्हा पान्यानं चाचपून पाहायला लागला. एकदा नाही, पाच महिने.

तिला ते दिसत होतं. न दिसायला ती काय आंधळी होती? शेवटी एप्रिलच्या सुरुवातीला तिनं नागपूरच्या एका वर्कशॉपचं पत्र बापासमोर ठेवलं. "सोमवारपर्यंत उत्तर द्याचं हाय. मले जाचं नाई, बाबा. पण तुमी माझ्या मागं पाना घेऊन फिरून राह्यले, तं मी इथी राहून काय करू?" सोमाजीनं पत्र उलटंसुलटं केलं, शिक्का खरा आहे की नाही ते पाहिलं आणि परत दिलं.  

असा हा माणूस एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. बिब्ब्यावर. तरुणपणी तो आलापल्लीकडे लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होता. तिथल्या उस्तादानं त्याला सांगून ठेवलं होतं की दुरुस्त झालेल्या गाडीला फार नजर लागते, कारण बंद पडलेली पाहून जे खूश झालेले असतात त्यांना ती चालताना बघवत नाही. म्हणून गाडी हातातून सोडताना बॉनेटखाली काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधायचा. तंबाखूच्या जुन्या डबीत सोमाजीजवळ कायम आठ-दहा बिब्बे ओवून तयार असायचे. हात लावायच्या आधी तो बोटांना खोबरेल चोळायचा, कारण बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की तो उततो. टरारून फोड येतात, हात सुजतो, घास मोडवत नाही. जीप, पिकअप, ट्रॅक्टर, बत्तीस वर्षांत एकही गाडी त्यानं बिब्ब्याशिवाय सोडली नाही. आताशा तर हे त्याच्या लक्षातही राहायचं नाही. आपण चप्पल कधी घातली ते कुठे आठवतं?

तर त्या पत्राच्या थोडं आधी, मार्चच्या शेवटी, विक्की आपली लाल गाडी घेऊन आला. विक्की म्हणजे राईस मिलवाल्या गुणवंतरावांचा मुलगा. मिलच्या तीन पिकअप आणि एक ट्रॅक्टर पहिल्यापासून सोमाजीकडेच, गॅरेजचा अर्धा धंदा तोच. विक्कीची गाडी टर्बोची होती. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. एक्सलेटरवरून पाय उचलला की ती कोंबलेली हवा कुठेतरी सोडावी लागते, ते काम एक व्हॉल्व्ह करतो. कंपनीचा व्हॉल्व्ह ते गुपचूप करतो, आणि विक्कीला तेच नको होतं. त्यानं बाहेरचा, चकचकीत निळा व्हॉल्व्ह मागवला होता. पाय उचलला की 'फिस्स्' असा आवाज झाला पाहिजे आणि बसस्टँडवरच्या पोरांनी माना वळवून बघितलं पाहिजे.

"कंपनीचाच चांगला हाय, भाऊ," नंदिनीनं त्याला सांगून पाहिलं. विक्की ऐकतो कशाचा! मग तिनं अर्धा दिवस लावून तो नवा व्हॉल्व्ह नीट बसवला, इंजिनाकडून येणारी बारीक रबरी नळी त्याला जोडली, आणि मार्कंड्याच्या देवळापर्यंत जाऊन-येऊन गाडी पाहिली. गाडी मस्त पळाली. "नागासारखी फुसफुसते लेकाची," सोमाजी म्हणाला. पण चेहऱ्यावरून दिसत होतं की काम त्याला पटलं होतं. लेकीचं हे स्वतःच्या हिमतीवरचं पहिलं मोठं काम होतं.

बारा दिवसांनी, गुरुवारी सकाळी, तीच गाडी खोकत खोकत परत आली. उभी राहिली तरी थरथरत होती. रेस आपोआप चढायची, उतरायची, मध्येच इंजिन बंद. चालताना पाय उचलला की असा झटका की पुढे बसलेल्याचं डोकं काचेला लागावं. विक्की उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, मी काही नाई केलं."

झालं! सोमाजीच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं आधी पेट्रोल धरलं. बाटलीत काढलं, उन्हात धरलं, हुंगलं, बोटावर घेऊन वाळेपर्यंत बघत बसला. पेट्रोल चांगलं निघालं. मग विक्कीला धरलं. "गाडी कुठी नेली होती? कोणाले चालवाले दिली होती? बॉनेट कोणी उघडलं होतं? खरं सांग!" विक्की आईची शपथ घ्यायला लागला. मग सोमाजीची नजर गुलाबकडे वळली. चार दिवसांपूर्वी हीच गाडी हवा भरायला गुलाबच्या दुकानासमोर उभी होती, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "तू हात तं नाई ना लावला रे आत?" गुलाब भडकला. "मी टायरवाला हाव, मिस्त्री! मले बॉनेट कुठून उघडते तेही समजत नाई या गाडीचं!"

नंदिनी या सगळ्यात पडली नाही. तिनं निळा व्हॉल्व्ह काढला, जपून ठेवलेला कंपनीचा व्हॉल्व्ह परत बसवला, तीच नळी त्याला जोडली आणि गाडी चालू केली. गाडी तशीच थरथरली. "म्हंजे व्हॉल्व्हचा दोष नाई, बाबा," ती म्हणाली.

आता बघा, पेट्रोल सुटलं, विक्की सुटला, गुलाब सुटला, व्हॉल्व्हही सुटला. मग उरलं कोण? सोमाजीनं विक्कीसमोर, गुलाबसमोर बोलून टाकलं, "मंग बसोवतानी तूनंच काहीतरी ढिलं ठेवलं असन."

नंदिनीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. गुलाब उगाच रस्त्याकडे बघायला लागला. नंदिनीनं शांतपणे विचारलं, "गाडी सोडतानी तुमी हात लावला होता का, बाबा?"

"मी?" सोमाजी केवढ्यांदा ओरडला. "मी काही नाई केलं!"

दुसऱ्या दिवशी तिनं स्कॅनर लावला. मशीन म्हणालं, इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जाते आहे. म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा शिरते आहे. सोमाजीनं नाक मुरडलं. मशीन बनवणाऱ्यावर तरी काऊन भरोसा ठेवायचा? त्यानं बादलीत साबणाचा फेस केला आणि आपल्या जुन्या पद्धतीनं एकेका जोडावर फासत सुटला. तास गेला. जोड सगळे पक्के. नंदिनीनं कसलेला एकही नट ढिला नव्हता, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याचे हात मात्र त्या साबणानं असे निघाले की बायनाबाईनं, त्याच्या बायकोनं, डबा आणून दिला तेव्हा ती हसली. "लग्नातही एवढे स्वच्छ नोयते तुमचे हात!"

जेवणं झाल्यावर नंदिनीनं एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात निखारे टाकले, त्यावर राळ भुरभुरली. आपण घरात धूप फिरवतो तोच धूर. डब्याला एकीकडून पायपंप जोडला, दुसरीकडून नळी काढून इंजिनाच्या हवेच्या वाटेत खोचली. "धूर आत भरते. जिथून बाहेर निघन, तिथीच छेद. मी पंप मारते, तुमी पाहा." ती गाडीच्या पलीकडे जाऊन पंप मारायला लागली. सोमाजी बॉनेटमध्ये वाकला.

आधी काहीच दिसेना. मग बॅटरीच्या मागून, अंधारातून, धुराची एक बारीक रेघ वर आली. सोमाजीनं मान आणखी आत घातली. नंदिनीनं जोडलेली ती बारीक रबरी नळी तिथून जात होती. नळीच्या मधोमध काळा दोरा आवळलेला होता, आणि दोऱ्यात बिब्बा.

 गाठ त्याची स्वतःची होती, उस्तादानं शिकवलेली दुहेरी गाठ. या नव्या गाड्यांत सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली असतं, बांधायला जाड पाईप म्हणून हाती लागत नाही. त्या दिवशी नंदिनी हात धुवायला गेली असताना त्याची बोटं बॅटरीमागे गेली, जे पहिलं सापडलं त्याला दोरा गुंडाळून मोकळी झाली. एप्रिलचं ऊन आणि इंजिनाची धग. बिब्बा पाझरला, त्याचं तेल रबराला लागलं, रबर फुगून लिबलिबीत झालं, आणि आवळलेल्या दोऱ्याखाली फाटलं. चोरटी हवा तिथून जात होती. लोकांची नजर लागू नये म्हणून बांधलेल्या बिब्ब्यानंच गाडी खाल्ली होती!

"दिसलं का, बाबा?" पलीकडून नंदिनीचा आवाज आला.

आणि इथे सोमाजी मिस्त्री चुकला. त्यानं दोरा हिसडून तोडला, बिब्बा मुठीत दाबला आणि म्हणाला, "इथी हाय. नळी फाटली."

नंदिनी आली. तिनं फाटका तुकडा कापून काढला, क्षणभर उजेडात धरून पाहिला आणि खिशात टाकला. नवी नळी बसवली. चावी फिरवली तशी गाडी कुरकूर न करता सुरू झाली आणि एका लयीत गुरगुरायला लागली. विक्की टाळ्या वाजवत आला. "काय झालं होतं, ताई?"

सोमाजीनं मूठ पाठीमागे लपवली. 

"माझीच चूक, भाऊ," नंदिनी म्हणाली. "नळी कच्ची लावली होती मी."

संध्याकाळी गुणवंतरावांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा. "मिस्त्री, तुमच्यावर आपला जुना भरोसा हाय. पण एक करजा, आमच्या गाड्यांले पोरीचा हात नका लागू देजा. शिकू द्या तिले दुसऱ्याच्या गाड्यांवर." सोमाजी "हो हो" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. नंदिनी त्याच खोलीत होती आणि फोनमधला आवाज मोठा होता. ती उठली आणि कपाटातून बॅग काढायला लागली.

आता सोमाजीला नवाच संशय खायला लागला. हिनं नळीचा तुकडा खिशात काऊन टाकला? हिला माहीत आहे का? माहीत असेल तर बोलत का नाही? आणि माहीत नसेल, तर स्वतःवर का ओढून घेतलं? तो तिच्याकडे चोरून बघायचा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

शनिवारी तळहात खाजायला लागला. साबणानं स्वच्छ झालेली कातडी, त्यावर ना ग्रीस, ना खोबरेल, आणि मुठीत पाझरलेला बिब्बा. रविवारी सकाळी उजवा हात पुरीसारखा फुगला होता आणि तळव्यावर पाण्यानं भरलेले फोड. बायनाबाईनं बघितलं आणि ताट खाली ठेवलं. "अवो, हा तं बिब्बा उतला! तुमी तं तेल लावल्याबिगर हात नाई लावत बिब्ब्याले. कुठी लागला?"

जंगलाच्या कडेला जन्म गेलेल्या बाईला हे फोड काय ओळखू येणार नाहीत? 

नंदिनी आतून आली. तिनं खिशातून नळीचा तुकडा काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. रबरावर काळा डाग होता. बिब्ब्याचा डाग घासून जात नाही, परटीण त्यानंच कपड्यांवर खुणा करते.

"तुले माईत होतं?" सोमाजीनं विचारलं.

"त्याच दिवशी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"गॅरेज तुमच्या नावावर चालते, बाबा. मी तं जाऊनच राह्यली. तुमचं नाव काऊन खराब करू?" तिनं तुकडा त्याच्याकडे सरकवला.  "वाट पाहून राह्यली होती. वाटलं, माझी नागपूरची मोटर निघाच्या आधी तरी सांगान."

सोमाजीला रडूच आलं. बायनाबाईसमोर, ताटासमोर, म्हातारा हमसून हमसून रडला. ज्या पोरीच्या मागे तो पाच महिने पाना घेऊन फिरला, ती त्याची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन गाव सोडायला निघाली होती. मग तो तसाच उठला. डाव्या हातानं टोपी घातली आणि चालत निघाला, कारण उजव्या हातानं सायकलचं हँडल धरवत नव्हतं.

राईस मिलमध्ये त्या दिवशी धान उतरत होतं. हमाल होते, तीन गाडीवान होते, विक्की होता, आणि खुर्चीवर गुणवंतराव. सोमाजीनं सगळ्यांसमोर तळहात उघडला.

"विक्कीच्या गाडीची नळी या हातानं फाडली. बिब्बा मी बांधला होता. पोरीची काही चूक नोयती. मी म्हणलो होतो, मी काही नाई केलं. मीच केलं."

 एक हमाल पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. गुणवंतराव उठले, चष्मा वर करून त्यांनी फोड पाहिले. "अरे बापा! मिस्त्री, तुमीही असे निघाले?"

"मीही असाच," सोमाजी म्हणाला. "आता गाड्या पाठवाच्या असन तं पोरीच्या हाती द्या. तिच्या हाती द्याच्या नसन, तं पाठवूच नका. माझा हात पंधरा दिवस तरी चालत नाई."

गुणवंतराव परत धानाच्या पोत्यांकडे वळले. सोमाजी परत आला तेव्हा त्याला वाटत होतं, गेला अर्धा धंदा.

सोमवारी सकाळी चिंचेखाली मिलची एक पिकअप उभी होती. विक्की स्वतः चालवत घेऊन आला होता. नंदिनी गाडीखाली आडवी झाली होती, नुसते पाय दिसत होते. तिनं काम केलं, नट कसले, बाहेर निघाली. सोमाजी खुर्चीवर बसला होता, हात फडक्यात बांधलेला. पाना त्याच्या डाव्या हाताशीच पडला होता. तीनदा त्याची बोटं तिकडे गेली आणि तीनदा त्यानं ती मांडीखाली दाबली. गुलाब आपल्या दुकानातून हे बघत होता आणि तोंडावर फडकं धरून हसत होता.

गाडी सोडायची वेळ झाली. सवयीनं सोमाजीनं तंबाखूची डबी काढली. एका हातानं झाकण उघडेना. नंदिनीनं त्याच्याकडे बघितलं, खोबरेलची बाटली घेतली, बोटांना चोळली, डबी उघडली आणि काळा दोरा उचलला.

"तुले तं हे पटत नाई," सोमाजी म्हणाला.

"तुमाले पटते ना." तिनं बॉनेट वर केलं. "पण लोखंडाले बांधीन, बाबा. रबराले नाई." बॅटरीच्या लोखंडी पट्टीला तिनं दुहेरी गाठ मारली. गाठ बरोबर त्याचीच होती.

पिकअप गेली. सोमाजी न राहवून बोलला, "नागपूरले काय सांगितलं?"

"सांगितलं, बाबाचा हात उतला हाय, आता येता येत नाई."

"अन् हात बरा झाल्यावर?"

नंदिनी हात पुसत हसली. "तरी नाई जात. पाहा, अजूनही भरोसा नाई!"

"हाय," सोमाजी म्हणाला. मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "पण खरं सांगून राह्यली ना?"